साभार परत

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात पोंभुर्ले नावाचे एक लहानसे गाव आहे. आचार्य बाळशास्त्री जांभेकर हे याच गावचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' या पत्राचा पहिला अंक काढला आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ झाला. पुढे १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' हे मासिक सुरू केले व १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढून दिवाळी अंकांची प्रथा मराठीत रूढ केली. मित्र यांचे मूळ आडनाव आजगावकर. आणि आजगाव हे सावंतवाडी तालुक्यातील गाव. मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील ही दोन मोठी पाने दक्षिण कोकणाशी अशी जोडलेली आहेत.

असे असूनही मालवणच्या किनाऱ्यावरील पुष्कळ मुलामुलींना मासिक ही केवळ दुरून येणारी वस्तू वाटते. पुण्यात कोणी तरी लिहावे, मुंबईत कोणी तरी छापावे आणि देवबाग, तारकर्ली, आचरे येथील मुलांनी ते वाचावे, एवढाच आपला व मासिकाचा संबंध, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः टपालाची वाट एकाच दिशेने जाणारी नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली मुलांसाठी 'आनंद' मासिक सुरू केले, तेव्हापासून मराठीत मुलांची अनेक मासिके निघाली. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले. त्यात नामवंत लेखकांच्या साहित्याबरोबर मुलांच्या लेखनालाही स्थान मिळत आले आहे. दार उघडे आहे. प्रश्न एवढाच, की मुले ते ठोठावीत का नाहीत?

याचे कारण बहुधा एकच असते. लेखन नाकारले जाईल, ही भीती. संपादकाला जे लेखन छापावयाचे नसते, ते त्याच्याकडून 'साभार परत' येते. हे दोन शब्द मोठ्या माणसांच्याही मनाला बोचतात. मग मुलांचे काय सांगावे? वर्गातील मित्र हसतील, घरची माणसे विचारतील, या धास्तीने कित्येक वह्या कपाटातच राहतात. परंतु ही भीती बाळगणारा मुलगा एक गोष्ट विसरतो. लेखन पाठविण्याचा सर्वांत मोठा लाभ छापून येण्यात नाही. अनोळखी माणसासाठी लिहिण्यात तो आहे, आणि लेखन परत आले तरी तो लाभ परत जात नाही.

शाळेतला निबंध गुरुजी वाचतात. गुरुजी त्याच गावचे, किंवा निदान त्या गावात वावरणारे असतात. मुलाने अर्धे सांगितले तरी उरलेले अर्धे ते मनाने भरून काढतात. शाळेच्या हस्तलिखिताचीही तीच गोष्ट. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत असत. असे हस्तलिखित ही लेखनाची फार चांगली पहिली पायरी होय. पण तेथे लिहिणारा आणि वाचणारा एकाच छपराखाली असतात. मासिकाचा वाचक मात्र कोठे असेल, याचा नेम नाही. तो गडचिरोलीच्या जंगलाजवळ असेल, सोलापूरच्या माळावर असेल. त्याने समुद्र पाहिलाच नसेल.

उदाहरणार्थ, मालवणजवळचा एखादा मुलगा लिहितो, "काल आमच्या किनाऱ्यावर रापण लागली. खूप मासे मिळाले. खूप मजा आली." त्याच्या वर्गाला हे तीन वाक्यांत पुरते कळते. सोलापूरच्या मुलाला काय कळणार? रापण म्हणजे काय, ती लागते म्हणजे काय, मजा कोणाला आली आणि कशाची आली, यातले त्याला काहीच उमगणार नाही. म्हणून लिहिणाऱ्याला सांगावे लागते, की रापण हे एक फार लांब जाळे असते. त्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरते, अर्धवर्तुळ काढीत जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात.

येथवर लिहून झाले की तो मुलगा अडतो. एका दोराला किती माणसे लागतात? ती पुढे तोंड करून ओढतात की मागे सरकत? जाळे जवळ आल्याचे आधी कोणाला कळते? मासळीचे वाटे कसे पडतात? ज्याचे जाळे त्याला किती आणि ज्याने केवळ दोर ओढला त्याला किती? ही रापण त्याने जन्मापासून पाहिलेली असते. तरी यांतील निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ नसतात. मग त्याला पुन्हा किनाऱ्यावर जावे लागते, नीट पाहावे लागते, म्हाताऱ्या रापणकराजवळ बसून विचारावे लागते. त्या दिवशी त्याच्या ध्यानात येते, की रोज नजरेसमोर असलेली वस्तू आपण खरोखर पाहिलेली असतेच, असे नव्हे. दूरच्या त्या अनोळखी वाचकाने त्याला त्याचाच किनारा दाखविलेला असतो. लेख छापला जावो अथवा न जावो, हे पाहणे आता त्याचे झाले.

आपल्या गावात लिहिण्यासारखे काय आहे, असे म्हणणाऱ्या मुलांनीही याचा विचार करावा. पुष्कळ मुले कथा लिहावयास बसली, की बर्फाचे डोंगर, संगमरवरी महाल आणि सोनेरी केसांच्या राजकन्या आणतात. हे त्यांनी पाहिलेले नसते. दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेले असते. संपादकाकडे असे महाल ढिगाने येतात. उलट आचरे गावची गावपळण घ्या. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदेवतेचा कौल मिळाला, की सारे गाव गुरेढोरे व कोंबड्यांसह वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस, तीन रात्री तेथे झोपड्या उभारून राहते. त्या झोपडीत निजलेल्या मुलीला रात्री काय ऐकू आले, मागे सोडलेल्या घराची आठवण तिला कशी झाली, हे तिच्यावाचून दुसरा कोण लिहू शकेल? दशावताराच्या रंगपटात राजाचा मुकुट चढविताना पाहिलेला मुलगा, पावसाळ्यात व्हाळ ओलांडून शाळेत जाणारी मुलगी, यांच्याजवळ जे आहे ते मोठ्या शहरातील लेखकाजवळ नाही.

'व्हाळ', 'मांगर', 'पेडवे' असे घरचे शब्द लेखात आले तर ते अशुद्ध ठरतील, अशी भीती बाळगण्याचेही कारण नाही. व्हाळ म्हणजे ओहोळ, मांगर म्हणजे शेताबागेतील खोपटे, पेडवे म्हणजे एक जातीची लहान मासळी, हे वाक्याच्या ओघातच वाचकाला उमगेल असे लिहावे. शब्द आपला असावा आणि अर्थ सर्वांना पोहोचावा. अनोळखी वाचकाचा मान राखावयाचा तो असा.

आता 'साभार परत' या शब्दांकडे वळू. संपादक लेखन परत पाठवितो, याची कारणे अनेक असतात. अंकाची पाने मोजकी असतात. त्याच विषयावरील दुसरा लेख आधीच घेतलेला असतो. पावसाची कविता उन्हाळ्याच्या अंकासाठी आलेली असते. लेख फार लांब असतो. आणि कित्येकदा, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे, की लेखन खरोखरच कच्चे असते. संपादकाचीही चूक होऊ शकते. पण आपले लेखन परत आले की चूक संपादकाचीच, असे धरून चालणाऱ्याची प्रगती तेथेच थांबते. परत आलेला लेख म्हणजे लेखकाची किंमत नव्हे. त्या दिवशी, त्या अंकासाठी, त्या एका लेखाविषयी दिलेले ते उत्तर होय.

मराठीतील 'सत्यकथा' हे मासिक या बाबतीत प्रसिद्ध होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक लेखन काटेकोरपणे पारखीत, लेखकांना पत्रे लिहून उणिवा कळवीत आणि पुन्हा लिहावयास सांगत. १९८२ साली ते मासिक बंद पडले. परंतु त्या पत्रांमुळे आपले लेखन सुधारले, असे सांगणारे लेखक अनेक झाले. याच 'सत्यकथे'त वेंगुर्ले तालुक्यात जन्मलेले चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांच्या कविता 'आरती प्रभू' या नावाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या काळी ते कुडाळ येथे खाणावळ चालवीत होते. कुडाळच्या खाणावळीतून मुंबईच्या संपादकाकडे कविता जाव्यात, आणि ज्याने कवीला कधी पाहिले नाही, अशा वाचकाने त्या वाचून थांबावे, ही गोष्ट टपालामुळे घडली. खानोलकरांनी कविता पेटीतच ठेवल्या असत्या तर ती घडली नसती. १९७८ साली त्यांच्या 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो पाहावयास मात्र ते हयात नव्हते.

काही वडीलधारी माणसे म्हणतात, की मुलांनी आधी अभ्यास करावा. छापून येण्याचा हव्यास कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. नाव छापून यावे, एवढ्याचसाठी जो लिहितो, त्याला लेखनाचे सुख मिळत नाही, आणि अभ्यासाचेही नाही. परंतु पाहणे, विचारणे, नेमका शब्द शोधणे आणि एक वाक्य चार वेळा लिहिणे, हा अभ्यास नव्हे काय? हव्यासाचा दोष खरा दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. काही घरांत मोठी माणसेच लेख लिहून देतात आणि खाली मुलाचे नाव घालतात. काही मुले जुन्या पुस्तकातील गोष्ट उतरवून काढतात. आता तर यंत्राला सांगितले की तेही निबंध तयार करून देते. असे लेखन कदाचित छापलेही जाईल. संपादक लेखकाला ओळखत नाही. लेखाखालच्या नावावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. ज्याने डोळे झाकून विश्वास टाकला, त्यालाच फसविणे हे अधिक वाईट. शिवाय त्या मुलाच्या हाती काय येते? नाव छापले जाते, पण किनारा त्याने पाहिलेला नसतो. उसन्या लेखाच्या छापील पानापेक्षा स्वतःचा परत आलेला कागद कितीतरी मोलाचा आहे.

लेखन पाठविण्याचे काही साधे शिष्टाचार आहेत. ज्या मासिकाला लेख पाठवावयाचा, त्याचे चार अंक तरी आधी वाचावेत. म्हणजे तेथे काय चालते व किती लांबीचे चालते, हे कळते. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे. नाव, इयत्ता व पत्ता नीट द्यावा. लेखाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. लेख परत हवा असल्यास आपला पत्ता लिहिलेले व पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे. ई-मेलने पाठविताना घरच्या मोठ्या माणसांना सांगून पाठवावे. एकच लेख एकाच वेळी दोन मासिकांना धाडू नये. दिवाळी अंकाची तयारी काही महिने आधी सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीत पाठविलेली दिवाळीची गोष्ट त्या वर्षी उपयोगी पडत नाही. काही मासिके मानधन देतात, काही देत नाहीत. मिळाले तर आनंद मानावा, पण त्यावर नजर ठेवून लिहू नये.

आणि लेख परत आलाच तर? तर तो लगेच फाडू नये आणि लगेच दुसरीकडे पाठवूही नये. आठ दिवस बाजूला ठेवावा. नंतर, आपण समुद्र कधीच पाहिलेला नाही असे समजून, सोलापूरच्या त्या मुलाच्या डोळ्यांनी तो वाचावा. कोठे अडखळावयास होते, तेथे खूण करावी. बहुधा संपादकही तेथेच अडखळला असेल. ती जागा दुरुस्त करावयाची तर कधी कधी पुन्हा किनाऱ्यावर जावे लागेल. पाऊस सरला, दर्या शांत झाला, की रापणीचे दोर पुन्हा वाळूवर पडतात. जाळे रिकामे आले म्हणून रापणकर ते किनाऱ्यावर टाकून घरी जात नाही. तो ते झटकतो, फाटले असेल तेथे विणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होडीत घालतो.