ॲड-ऑन कार्ड वापरणाऱ्या पत्नीची पत नोंदवा

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

क्रेडिट कार्डांबाबत आपल्या बँकेच्या निर्देशांतल्या एका तरतुदीबद्दल हे पत्र आहे. ॲड-ऑन कार्ड देता येईल, पण त्यावरच्या देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची राहील, असे ते निर्देश सांगतात. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. पण घर चालवणाऱ्या कितीतरी बायकांच्या बाबतीत खरेदी त्यांची, बिल वेळेवर भरण्याची धडपड त्यांची, आणि सिबिलच्या दप्तरी नोंद फक्त नवऱ्याच्या पॅनवर, असे होऊन बसते.

माझ्या वहिनीचेच सांगतो. दादाच्या खात्यावर तिचे ॲड-ऑन कार्ड होते. किराणा, विजेचे बिल, मुलांची फी, औषधे, सगळे त्यावरच. स्टेटमेंट आले की ती एकेक ओळ पावत्यांशी ताडून बघायची आणि ड्यू डेटच्या आधी दादाच्या मोबाइलवरून पूर्ण रक्कम भरायची. ‘मिनिमम ड्यू’ भरून बाकीचे पुढे ढकलणे तिला मान्यच नव्हते. कशावर किती कॅशबॅक मिळतो हे तिला तोंडपाठ. दिवाळीची मोठी खरेदी त्या हिशेबानेच व्हायची. दादा गेला, मूळ खाते बंद झाले, आणि तिचे कार्डही. साठलेले पॉइंट दादाच्या नावावर होते, तेही गेले. स्वतःच्या नावाने कार्ड मागायला गेली तेव्हा काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, “मॅडम, तुमची काही हिस्ट्रीच नाही.” रिपोर्टात स्कोअरच्या जागी उणे एक होते. 300 ते 900च्या पट्टीत ती कुठेच नव्हती.

एफडी ठेवा, त्यावर कार्ड देतो, असे तिला सुचवण्यात आले. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलासाठी ती सोय चांगली आहे. पण वर्षानुवर्षे एकही बिल न चुकवणाऱ्या बाईला नवशिकी ठरवणे हा अन्याय आहे, आणि त्याने बँकेचेही नुकसानच होते. इतकी भरवशाची ग्राहक बँकेला ओळखूच येत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न 1970च्या दशकातच ऐरणीवर आला. संसाराची खाती नवऱ्याच्या नावे, म्हणून विधवा आणि घटस्फोटितांना तिथेही कर्ज नाकारले जाई. समान पतसंधीचा कायदा 1974 मध्ये झाला. पत्नीला खाते वापरण्याची मुभा असेल, तर पतमाहिती देताना दोघांचा सहभाग दिसला पाहिजे, असे त्याखालच्या नियमांनी ठरवले. पुढे तिथे पैसे घेऊन परक्या माणसाला चांगल्या खात्यावर चढवण्याचा धंदाही निघाला. म्हणून माझी मागणी फक्त पती-पत्नींपुरती आहे.

आपल्याकडे यंत्रणा तयार आहे. पतमाहिती कंपन्यांचा कायदा 2005चा आहे, आणि 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती निदान पंधरवड्याला पाठवणे आपणच बंधनकारक केले.

देणे तिचे नाही तर पत तिची कशी, असे बँका विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणून पत्नीला संयुक्त जबाबदारी घेण्याचा पर्याय द्या. तिने तो घेतला तर खात्याची बरी-वाईट सगळी नोंद दोघांच्या पॅनवर जावी, आणि नवरा गेला तरी तिचे कार्ड चालू राहावे. नाही घेतला तर आजच्यासारखेच राहू द्या. नवऱ्याने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यामुळे तिची संमती तिच्याच मोबाइलवर, मराठीत समजावून, वेगळी घेतली जावी; आणि पुढच्या खर्चाच्या जबाबदारीतून केव्हाही बाहेर पडण्याची मुभा तिला असावी.

कॅशबॅक आणि पॉइंट ज्या कार्डाने खर्च झाला त्या कार्डधारकाच्या नावे जमा व्हावेत. मूळ कार्डधारक वारला तर शिल्लक पॉइंट पत्नीला मिळावेत, ही तरतूद तर संयुक्त जबाबदारीची वाट न पाहता आधी करता येईल.

आपला,
एक बँकग्राहक, डोंबिवली