झडप बसली, रक्ताची तपासणी कोठे?

बालवयात घशाच्या संसर्गामागून आलेल्या संधिज्वराने ज्यांच्या हृदयाची झडप निकामी केली, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी तरतुदीमुळे ज्यांना कृत्रिम धातूची झडप लाभली, त्यांना रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी आमरण घ्यावी लागते. परंतु गोळीची मात्रा ज्या तपासणीवाचून ठरविताच येत नाही, ती तपासणी रोग्याच्या तालुक्यात होईल अशी तजवीज शस्त्रक्रियेच्या मंजुरीबरोबर होत नसेल, तर तो उपचार अपुराच म्हटला पाहिजे.

ही गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा तिच्याच कुळातील असिनोकुमेरॉल. 'के' जीवनसत्त्वाच्या कार्यात ती अडथळा आणते, आणि त्यामुळे यकृतात तयार होणारी, रक्त गोठविणारी द्रव्ये दुबळी पडतात. जे वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी विक्रीस आले, तेच १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर देण्यात आले. प्राण घेणे आणि प्राण राखणे यांतील अंतर येथे केवळ मात्रेचे आहे. रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखविणारा या तपासणीतील आकडा म्हणजे आयएनआर; निरोगी माणसाचा तो एकच्या आसपास असतो, तो अशा रोग्यांत बहुधा दोन ते साडेतीनच्या दरम्यान राखावा लागतो. खाली घसरला तर झडपेवर गुठळी धरून पक्षाघात, वर चढला तर मेंदूत रक्तस्राव! आणि मेथी-पालक एकाएकी वाढले किंवा सुटले, अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळी आणली, एवढ्यानेही तोल बिघडतो.

तपासणीची गरज नसलेली नवी औषधे निघाली आहेत, हे खरे. तथापि धातूच्या झडपेच्या रोग्यांत डाबिगाट्रान अपायकारक ठरल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि संधिज्वरजन्य हृदयविकारात हृदयाची लय बिघडलेल्यांना रिव्हरॉक्साबानपेक्षा जुनेच औषध अधिक तारक असल्याचे २०२२ मध्ये दिसून आले. म्हणजे गरिबांच्या या रोगाला जुनी गोळीच हवी, आणि तिच्यासोबत रक्ताची तपासणीही हवी.

बोटाच्या एका थेंबावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारे यंत्र परिचारिकाही चालवू शकते. असे असता रोजंदारी बुडवून, एसटीचे भाडे भरून शेतमजूर स्त्रीने दरमहा जिल्ह्याच्या गावी का जावे? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे यंत्र आणि ही गोळी विनामूल्य असावी. शस्त्रक्रियेनंतर रोगी घरी निघेल त्याच दिवशी त्याची मात्रा आणि पुढील तपासणीची तारीख त्याच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या दप्तरी लेखी कळविली जावी; आणि त्या तारखेस तो आला नाही, तर आशा सेविकेमार्फत घरी चौकशी करण्याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर सोपवावी.