गिरणगाव : जमिनीचा वापर बदलला, स्थानकाचा जिना तोच राहिला

१/ २९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ, वर धो धो पाऊस. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली. आपण या घटनेला ‘गर्दीचा अपघात’ म्हणतो. माझ्या मते तिची मुळे जमिनीच्या इतिहासात आहेत. #थ्रेड

२/ १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी हा सारा पट्टा गिरण्यांनी भरून गेला.

३/ गिरणीला रेल्वे हवी होती. गिरणी कामगाराला मात्र रोजच्या कामासाठी तिची गरज क्वचितच पडे. भोंगा झाला की चाळीतून निघायचे आणि पंधरा-वीस मिनिटांत पाळीवर हजर व्हायचे. बहुसंख्य कामगारांचे जीवन असे पायी अंतरात सामावलेले होते. त्या चाळींत हाल पुष्कळ होते, दहा बाय दहाच्या खोलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण घर आणि काम जवळ असणे हीच गिरणगावाची वाहतूक व्यवस्था होती.

४/ १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. मागे उरली ती शहराच्या मध्यभागी, दोन रेल्वेमार्गांच्या आसपास पसरलेली सुमारे ६०० एकर जमीन.

५/ १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले : एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाकडे. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार मांडला.

६/ २००१ मध्ये नियमात बदल झाला. ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली; गिरणीच्या इमारतींखालची जमीन हिशेबातून वगळली गेली. साहजिकच सार्वजनिक वाटा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला.

७/ इथे एक आक्षेप रास्त आहे : स्थानकाजवळ कचेऱ्या बांधण्यात चूक काय? तत्त्वतः काहीच नाही. जिथे गाडी पोहोचते तिथे दाट वस्ती आणि रोजगार असावा, हे नगररचनेचे शहाणपणच आहे. चूक हिशेबात झाली. पायी येणाऱ्यांच्या जागी कल्याण, डोंबिवली, विरारहून लोकलने येणारे आले, आणि तरीही जिन्याची रुंदी वाढली नाही.

८/ त्या जमिनीला सोन्याचा भाव आला तो रेल्वेच्या सान्निध्यामुळे. ती रेल्वे सार्वजनिक पैशावर चालते. लाभ मात्र कुंपणाच्या आत राहिला आणि गर्दीचा भार पुलावर पडला. महापालिकेचा वाटा पूर्ण मिळता, तर स्थानकाबाहेर मोकळी जागा आणि रुंद वाट काढायला वाव राहिला असता. म्हाडाचा वाटा पूर्ण मिळता, तर काही हजार माणसांना लोकलची गरजच पडली नसती.

९/ दुर्घटनेनंतर लष्कराने काही महिन्यांतच तेथे नवा पूल उभारला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. म्हणजे पूल बांधणे अशक्य कधीच नव्हते.

१०/ हे आज का लिहावे? मुंबई-पुण्यात आता मेट्रो स्थानकांभोवती जादा चटईक्षेत्र दिले जात आहे. प्रत्येक स्थानकाबाबत तीन प्रश्न विचारले पाहिजेत : वाढीव मूल्यातला सार्वजनिक वाटा किती? तिथे काम करणाऱ्या सफाई कामगाराला, शिपायाला जवळ घर मिळेल का? आणि फलाटापासून रस्त्यापर्यंतची वाट किती रुंद आहे?

११/ जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे ‘प्रभादेवी’ झाले. नामांतराचा इतिहास आपण आवर्जून वाचतो. कधी त्या स्थानकात उतरलात तर गिरणीची एखादी उरलेली चिमणी शोधा, आणि ज्या जिन्याने उतरलात त्याच्याकडेही एकदा वळून पाहा. #मराठी #इतिहास