भिंतीवर न लागलेले नाव

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन या लहानशा गावी बेसबॉलचे 'हॉल ऑफ फेम' आहे. १९३९ साली ते सुरू झाले. तेथे निवड झालेल्या खेळाडूचा धातूचा फलक भिंतीवर कायमचा लागतो. बेसबॉलमध्ये याहून मोठा मान नाही. या भिंतीवर कर्ट फ्लड यांचे नाव नाही. ते असावे की नसावे, याबद्दल आमचे मत आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम खेळ पाहू. १९३८ साली जन्मलेले हे कृष्णवर्णीय खेळाडू १९५८ ते १९६९ अशी बारा वर्षे सेंट लुईस कार्डिनल्स संघाकडून खेळले. मैदानाच्या मागच्या बाजूला मधोमध उभे राहून दूरवरचे झेल टिपणे हे त्यांचे काम. उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्यांनी १९६३ पासून सलग सात वर्षे मिळवला. १९६६ च्या सबंध हंगामात त्यांच्या हातून एकही चूक नोंदली गेली नाही. १९६४ आणि १९६७ साली त्यांचा संघ वर्ल्ड सीरिज जिंकला.

विरोधकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. फ्लड यांचे यशस्वी फटके १,८६१ आणि होमरन अवघे ८५. १९६८ च्या वर्ल्ड सीरिजच्या शेवटच्या सामन्यात एका उंच चेंडूचा त्यांचा अंदाज चुकला आणि सामना हातचा गेला. निवडीसाठी पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात. फ्लड यांना १९९६ साली, शेवटच्या संधीला, जेमतेम १५ टक्के मिळाली. आकडे कमी पडतात हे खरे. पण हे आकडे वयाच्या एकतिसाव्या वर्षीच का थांबले, हे कोणी विचारायचे?

त्या काळी बेसबॉलच्या करारात एक कलम होते. मुदत संपली तरी खेळाडू त्याच मालकाकडे बांधलेला राही. मालक त्याला दुसऱ्या संघाला विकू शके, अदलाबदलीत देऊ शके. खेळाडूने मुकाट जायचे, नाहीतर खेळ सोडायचा. एक कारखाना सोडून दुसऱ्यात काम धरणाऱ्या आपल्या कामगार बांधवांना यातला अन्याय समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर १९६९ मध्ये फ्लड यांना न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. त्यांनी नकार दिला. २४ डिसेंबरला बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून, आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे कळवले. कून यांनी मागणी फेटाळली, तेव्हा ते कोर्टात गेले. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा गुलाम कसला, असे लोकांनी हिणवले. पगार मोठा असला म्हणून गुलामी संपत नाही, असे त्यांचे उत्तर होते.

साक्षीला जॅकी रॉबिन्सन आले. परंतु त्या वेळी मैदानावर खेळणारा एकही खेळाडू आला नाही. १९७० चे सबंध वर्ष फ्लड घरी बसले. १९७१ साली वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळून ते कायमचे बाहेर पडले. जून १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल त्यांच्या विरोधात दिला. मात्र प्रश्न पेटलेलाच राहिला. १९७५ साली दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने ते कलम मोडून काढले आणि खेळाडू मोकळे झाले. फ्लड १९९७ च्या जानेवारीत वारले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्यांच्या नावाचा कायदा केला.

आता निवाडा. निवडीच्या नियमांत आकड्यांबरोबर सचोटी आणि चारित्र्यही पाहावे असे लिहिलेले आहे. त्यांना नकार देणारे आयुक्त कून यांची निवड २००७ साली झाली. खेळाडू संघटनेचे नेते मार्विन मिलर यांचीही २०१९ साली झाली. मालकांच्या बाजूचा आत, संघटनेचा नेता आत, आणि ज्याने स्वतःची भाकरी पणाला लावली तो मात्र बाहेर! हा कुठला न्याय?

जुन्या खेळाडूंचा विचार करणारी समिती आजही आहे. दार बंद झालेले नाही. केवळ फटके मोजले तर फ्लड काठावर राहतात, हे आम्ही मान्य करतो. पण त्यांचे फटके कमी पडले ते हिंमत जास्त होती म्हणून. हा मान त्यांना मिळालाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.