नॉर्मंडीत मोटार हवी, पण कुठवर?

पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकातून निघालेली रेल्वे दोनेक तासांत नॉर्मंडीतल्या काँ शहरात पोहोचते. खरा प्रश्न तिथून पुढचा आहे. इथला किनारा आणि शेतशिवार पाहायला भाड्याची मोटार घ्यावी, की रेल्वे आणि बसवरच भागवावे? तथ्य दोन्ही बाजूंना आहे.

मोटारीच्या बाजूने पहिला मुद्दा शेतकऱ्याचा. काँच्या पूर्वेला पेई दोझ या भागात सायडर मार्ग नावाचा सुमारे ४० किलोमीटरचा फेरा आहे. सफरचंदाच्या बागा, लाकडी चौकटींची जुनी घरे आणि दारातच सायडर, काल्व्हादोस ही सफरचंदाची मद्ये विकणारे बागायतदार. अशा आडगावांत बसच्या भरवशावर फिरणे कठीण. मोटारवाला शेतावर थांबतो, चार प्रश्न विचारतो, आणि त्याचे पैसे थेट पिकवणाऱ्याच्या हाती पडतात.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. पश्चिमेकडे मातीचे उंच बांध, त्यांवर दाट झाडोरा आणि मधून जाणाऱ्या आपल्याकडच्या पाणंदींसारख्या वाटा आहेत. ६ जून १९४४ रोजी किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्याला पुढे कित्येक आठवडे या बांधांनी जेरीस आणले. रणगाडा बांधावर चढला की त्याचे पातळ पत्र्याचे पोट शत्रूपुढे उघडे पडे. अखेर जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेले पोलादी अडथळे कापून अमेरिकी सैनिकांनी त्यांचे दाते रणगाड्यांना बसवले आणि बांध फोडले. संग्रहालयात हे सारे वाचता येते, पण पलीकडचे काहीच दिसत नाही म्हणजे काय, हे त्या वाटेत उभे राहिल्यावरच उमगते.

आता दुसरी बाजू. डावीकडून वाहन हाकणाऱ्या आपल्या हाताला तिथे उजवी बाजू धरावी लागते. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. अरुंद वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, तर तो कामावर निघालेला असतो आणि आपण सहलीवर, हे विसरून चालत नाही. शिवाय सायडरच्या गावी चालकाने कोरडे राहणेच बरे. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम मद्य आढळले तरी गुन्हा ठरतो.

सर्वांत मोठा धडा मों-सँ-मिशेल या बेटाचा. १८७९ मध्ये पुरा झालेला भराव रस्ता भरतीच्या पाण्याला आडवा आला आणि बेटाभोवती गाळ साचण्यास हातभार लागला. पुढे पायथ्याशी मोटारींचे तळही पडले. अखेर २०१४ मध्ये खांबांवरचा पूल खुला झाला आणि मग भराव काढण्यात आला. आता मोटारी सुमारे अडीच किलोमीटर अलीकडेच थांबतात. पुढे बसने किंवा पायी जायचे. वाटेत खाऱ्या कुरणांत चरणारी मेंढरे दिसतात, ती चालणाऱ्यालाच.

म्हणून आमचे मत असे: काँ किंवा बायोपर्यंत रेल्वेने जावे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढून ठेवावा आणि दोन-तीन दिवसांपुरती लहान मोटार घ्यावी, तीही शेतशिवारासाठी. एत्रतासारख्या गर्दीच्या ठिकाणी ल हाव्रहून बस आहे, ती धरावी. शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचवणारी मोटार जरूर न्यावी. जिथे ती वाहनतळावरची रांगच वाढवणार असेल, तिथे ती मागे ठेवणे हेच पाहुण्याला शोभते.