आशयसूत्र : पहिल्या वाढदिवसाचे

'थीम' या शब्दासाठी मराठी समीक्षेत 'आशयसूत्र' हा प्रतिशब्द रूढ झाला, त्याला आता बराच काळ लोटला. वर्गात कादंबरी शिकवताना आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो की आशयसूत्र म्हणजे विषय नव्हे, आणि सजावट तर नव्हेच. लेखकाने ते वरून चिकटवलेले नसते. पात्रे, प्रसंग, भाषा यांच्या परस्परसंबंधांतून ते उलगडत जाते आणि वाचन संपल्यावर मागे उरते. हाच शब्द आज मराठी मध्यमवर्गीय घरांत अगदी निराळ्या अर्थाने वावरतो आहे. मूल दहा-अकरा महिन्यांचे झाले की विचारणा सुरू होते, "मग, थीम काय ठेवलीय?" उत्तरेही ठरलेली असतात : जंगल, समुद्र, सर्कस, ढग आणि चांदण्या, बाळकृष्ण. मग त्या सूत्रानुसार फुग्यांची कमान, केकचा रंग, आमंत्रणाचे चित्र, मुलाचे कपडे आणि पुष्कळदा आई-वडिलांचेही कपडे ठरतात.

या सोहळ्याची टिंगल करणे सोपे आहे, आणि साहित्याच्या प्रांतातल्या माणसांना असल्या टिंगलीची खोडही असते. आम्हांला तो मार्ग पसंत नाही. मेणबत्ती विझवावी की निरांजन लावावे, हा वाद आता इतका झिजला आहे की त्यातून काही निष्पन्न होण्याजोगे उरलेले नाही. बहुतेक घरांनी तो परस्पर मिटवूनही टाकला आहे : आधी औक्षण, मग केक. शिवाय 'थीम' ही परकी कल्पना आहे, या आक्षेपातही फारसा दम नाही. आपल्याकडचे बोरन्हाण म्हणजे दुसरे काय आहे?

बोरन्हाणाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही, घरच्या घरी, संध्याकाळच्या वेळी ते होते. मुलाला काळे झबले, अंगावर हलव्याचे दागिने, मुकुट आणि मुलगा असेल तर हातात हलव्याची बासरी. रंग ठरलेला, वेश ठरलेला, साहित्य ठरलेले. पाटावर बसवून औक्षण करायचे आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ ओतायचे. आता त्यांत गोळ्या आणि बिस्किटेही आली. ओतलेले वेचायचे कोणी? जमलेल्या इतर मुलांनी. उत्सवमूर्ती पाटावर बावरून बसलेली असते आणि खरी धमाल तिच्या भोवतीची पोरे करतात. ही योजना शहाणपणाची आहे. ज्याला अजून आनंदाचे नावही ठाऊक नाही, त्याच्या निमित्ताने इतरांना आनंद वाटायचा, आणि तोही हंगामात जे पिकते त्यातून. येथे सूत्र आणि आशय यांची फारकत नाही. थंडी आहे म्हणून काळा रंग, बोरे-ऊस आले आहेत म्हणून त्यांचे न्हाण.

तेव्हा प्रश्न थीम असावी की नसावी हा नाहीच. पहिल्या वर्षाचा आशय कोणता, आणि निवडलेले सूत्र त्याला भिडते का, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्या वर्षाचा सर्वांत जुना आशय मृत्यूच्या भयाचा आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे दोनशे किंवा त्याहून अधिक मुले पहिल्या वाढदिवसापर्यंत पोहोचत नसत. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार हा आकडा देशात २८, तर महाराष्ट्रात १६ होता. दोन आकड्यांमधले हे अंतर लसी, दवाखाने, स्वच्छ पाणी आणि शिकलेल्या आया यांनी कापले. ते कापले जाण्यापूर्वीच्या काळात आनंद लपवण्याची एक संपूर्ण भाषा आपल्याकडे होती. पाचवीची पूजा, सटवाईचा धाक, गालावरची तीट, मीठ-मोहरीने दृष्ट काढणे ही त्या भाषेची व्याकरणे होत. मुले जगत नसतील त्या घरी पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू असे ठेवीत. काळाला वाटावे, हे तर धोंड किंवा केर आहे. ते कशाला उचलून न्या? जुन्या मराठी कथांत ही नावे भेटतात तेव्हा विद्यार्थी हसतात. त्या हशाला उत्तर म्हणून शिक्षकाने हा आकडा सांगावा, असे आम्हांला वाटते. धोंडू या नावात आईने दाबून धरलेला श्वास आहे.

वाढदिवसाच्या पारंपरिक विधीतही हीच छाया आहे. त्यात मार्कंडेयाचे आणि सप्तचिरंजीवांचे स्मरण करतात आणि तीळ-गूळ घातलेले दूध पितात. त्या सातांत पहिला अश्वत्थामा. साहित्याच्या वाचकाने येथे क्षणभर थबकायला हवे. झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारणारा आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडणारा, ज्याचे दीर्घायुष्य हाच शाप आहे आणि जो लोककथांत अजूनही कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडतो, त्याचे नाव मुलाच्या दीर्घायुष्यासाठी का घ्यावे? याच अश्वत्थाम्याला लहानपणी पिठाचे पाणी दूध म्हणून पाजले गेले आणि तो दूध प्यायलो म्हणून नाचला, ही आदिपर्वातली कथा त्याच्या शेजारी ठेवली की आणखी काही दिसू लागते. आयुष्य नुसते लांबून भागत नाही. ते कोणाच्या हातून, कशावर पोसले गेले यालाही अर्थ असतो. परंपरेला हे अभिप्रेत होते असा आमचा दावा नाही. पण परंपरेच्या पोटात हा ताण आहे, आणि जंगलाच्या चित्रात तो नाही, एवढे खरे.

आता आजच्या सोहळ्यातल्या एका घटकाकडे वळू : दोरीला लावलेली बारा महिन्यांची बारा छायाचित्रे. आमच्या मते साऱ्या सजावटीत हीच एक गोष्ट खरी आशयगर्भ आहे. पण ती अर्ध्यावर सोडलेली असते. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली कथा आणि कथानक यांत केलेला भेद आपण सारेच शिकवतो : एकामागून एक घडले ती कथा, आणि का घडले हे कळले की कथानक. ही बारा छायाचित्रे नुसती कथा सांगतात. मूल पालथे पडले, बसले, रांगले, उभे राहिले. का आणि कोणाच्या आधाराने, हे चौकटीबाहेर राहते.

ते चौकटीत आणले तर काय दिसेल? पहिल्या चित्राच्या बाहेर, पायांवर आडवे घेऊन बाळाला न्हाऊ घालणारी बाई दिसेल. तिने सव्वा महिना, कुठे तीन महिने, रोज सकाळी येऊन आई आणि मूल दोघांनाही तेल लावले, शेक-शेगडी केली. सहाव्या-सातव्या चित्राच्या बाहेर पुन्हा कामावर रुजू झालेली आई दिसेल. २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली. म्हणजे कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या नोकरदार स्त्रीचे हे वर्ष बरोबर मध्यावर दुभंगते. त्या भेगेवर कोणी पूल बांधला? गावाहून आलेल्या आजीने, पाळणाघरातल्या मावशींनी, शेजारच्या काकूंनी, क्वचित बापाने. आणि ज्या बाईच्या नोकरीला रजाच नसते, ती दहाव्या-बाराव्या दिवसापासून दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते, तेव्हा तिच्या मुलाचे वर्ष तिची आठ वर्षांची थोरली सांभाळते.

आमचा आक्षेप आहे तो येथे. फुग्यांच्या कमानीत वाघ, जिराफ, हत्ती सारे आमंत्रित असतात. न्हाऊ घालणारी बाई नसते. पाळणाघरातल्या मावशी आल्याच तर मूल सांभाळायला येतात आणि छायाचित्राच्या वेळी बाजूला होतात. आई दिवसभर यजमानीण असते, आजी स्वयंपाकघरात असते. ज्या हातांनी वर्ष तोलून धरले ते हात दृश्यातून पुसले जावेत आणि त्या जागी विकतचे जंगल यावे, हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नाही. हा श्रम अदृश्य करण्याचा प्रकार आहे. साहित्यात अशा गाळलेल्या जागा हुडकायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. घरातल्या संहितेला ती दृष्टी का लावू नये?

तेव्हा घरी पहिला वाढदिवस योजणाऱ्यांना आमची सूचना अशी. सूत्र जरूर ठेवा, पण ते त्या वर्षातून काढा. मुलाला ज्या वस्तू खरोखर ओळखता येतात त्या मांडा : त्याने वाजवून पोचे पाडलेली वाटी, किल्ल्यांचा जुडगा, गॅलरीत येणारे कबुतर, आजीच्या लुगड्याची दुपटी. उष्टावणाच्या वेळी काही घरांत बाळापुढे पुस्तक, लेखणी, नाणे ठेवून ते काय उचलते हे पाहतात. कोरियातही पहिल्या वाढदिवशी असाच खेळ असतो. त्यात मुलाच्या भविष्याचे कुतूहल आहे. त्याच्या जोडीला भूतकाळाचीही मांडणी असू द्या. प्रत्येक महिन्याच्या छायाचित्राखाली, तो महिना कोणामुळे निभावला त्याचे नाव लिहा. त्या माणसांना पाहुणे म्हणून बोलवा, खुर्चीवर बसवा, आणि औक्षणाचे तबक पहिल्यांदा न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या हाती द्या. तास-दीड तासाच्या वर सोहळा लांबवू नका. तो मुलाच्या झोपेच्या वेळेभोवती बेता. फुटलेल्या फुग्याचे तुकडे तान्ह्या मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून कमान त्याच्या हाताबाहेर असू द्या. साखरेचा केक मोठ्यांनी खावा. मुलाला त्याचा नेहमीचा मऊ भात पुरे.

यावर असे म्हटले जाईल की एवढ्या गंभीरपणाची गरज काय, मुलाला तर यातले काहीच आठवणार नाही. आक्षेप रास्त आहे, कारण पहिल्या वर्षाची स्मृती माणसाला राहत नाही. पण म्हणूनच हा सोहळा म्हणजे पुढे कधीतरी येणाऱ्या एका वाचकासाठी लिहिलेली संहिता ठरते. पंधरा-वीस वर्षांनी तो वाचक ही छायाचित्रे उघडील. त्यांत त्याला कागदी जिराफाशेजारी घामेजलेली, अनोळखी मुद्रेची स्वतःची छबी दिसावी, की आपल्याला कोणी-कोणी जगवले याची नावे आणि चेहरे दिसावेत? पहिल्या प्रकारच्या संहितेत तो स्वतःला फक्त पाहू शकेल. दुसऱ्या प्रकारच्या संहितेत त्याला स्वतःचा अर्थ लावता येईल, आणि कोणाचे ऋण आपल्यावर आहे हेही कळेल.