‘सुटला का?’

गर्दचं व्यसन म्हटलं की घरचे, शेजारचे, पोलीस, सगळे एकच विचारतात: सुटला का? मेथाडोनचा उपचार या प्रश्नावर दरवेळी नापास होतो, कारण रुग्ण वर्षानुवर्षं औषध घेतच असतो. मग त्याचं यश मोजायचं कशावर?

१. आधी औषध काय करतं ते. गर्दचा, म्हणजे हेरॉइनचा, अंमल काही तासांत उतरतो. मग टर्की: हाडं ठणकतात, नाक गळतं, जुलाब लागतात, आणि पुढच्या पुडीसाठी धावाधाव सुरू. मेथाडोन अफूच्याच कुळातलं, पण कारखान्यात बनलेलं. तोंडाने घेतलं की सावकाश चढतं, दिवसभर पुरतं. डोस नीट बसला की माणसाला नशाही येत नाही आणि टर्कीही. न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये २२ रुग्णांवरचा अनुभव छापला, तेव्हापासून ‘एक नशा काढून दुसरी दिली’ हा आक्षेप आहे. तो निम्मा खरा आहे. शरीराची सवय राहते, हे लपवू नये. जाते ती सुई आणि पुडीची वणवण.

२. पहिली मोजणी मृत्यूंची. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेले आकडे असे: मेथाडोन चालू असताना हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६. टिकणारे मुळातच जरा सावरलेले असतील, ही शंका रास्त आहे. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांमध्ये मृत्यूंतला फरक इतका स्पष्ट दिसत नाही. गर्द कमी होणं आणि रुग्ण टिकणं मात्र ठळक दिसतं. तरी सुरुवातीचे आणि उपचार थांबल्यानंतरचे चार आठवडे सर्वांत धोक्याचे, हे २०१७ च्या त्याच आकड्यांतून निघतं. औषध सक्तीने तोडण्याचं उदाहरणही आहे: रशियात मेथाडोनवर बंदी आहे. २०१४ मध्ये क्रिमिया ताब्यात घेतल्यावर तिथल्या सुमारे ८०० रुग्णांचे असले उपचार बंद झाले. ‘सहा महिन्यांत औषध बंद करून दाखवा’ अशी अट घालणारा अधिकारी हेच करत असतो, फक्त एकेका माणसाला.

३. डोस. ‘कमी दिलं म्हणजे बरं’ ही आपली घरगुती समजूत इथे घात करते. सुरुवात कमीच हवी, पण बहुतेकांना पुढे दिवसाला ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं. ३० वर अडकवलेला माणूस वरून गर्द ओढतो, आणि नाव बदनाम होतं औषधाचं.

४. औषधाची खिडकी. छोट्या कपात सिरप, समोरच प्यायचं, वर घोटभर पाणी, मग नर्सशी दोन शब्द बोलायचे, म्हणजे तोंडात धरून नेलं नाही हे कळतं. रोज, रविवारीही. सकाळी आठला मजूर नाक्यावर उभा राहणारा माणूस दहाला उघडणाऱ्या खिडकीसाठी किती दिवस रोजी बुडवेल? पण बाटली सरसकट घरी द्या म्हणणंही सोपं नाही: बापाला सांभाळणारा डोस पोराचा जीव घेऊ शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर मोठ्यांचाही श्वास मंदावतो.

५. आपल्याकडे. मराठी घरांत ‘गर्द’ हा शब्द बऱ्याच अंशी अनिल अवचटांच्या पुस्तकामुळे पोचला, आणि मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे उपचार म्हणजे पूर्ण मुक्ती हेही मनात बसलं. ती वाट अनेकांना लाभली. जे पुन्हा पुन्हा घसरतात त्यांच्यासाठी दुसरी हवी. अमली पदार्थांच्या कायद्यातली २०१४ ची दुरुस्ती आणि पुढच्या वर्षीचे नियम यांनी मेथाडोन अत्यावश्यक अमली औषधांत आणलं. मुंबईच्या केईएमसह काही सरकारी रुग्णालयांत ते प्रायोगिक पातळीवर आधीच सुरू झालं होतं. बाकी ठिकाणी बहुतेक ब्युप्रेनॉर्फिन हे त्याच कामाचं दुसरं औषध, तेही ठीक. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख.

६. म्हणून मागणी. प्रत्येक केंद्राने दर तिमाहीला तीन आकडे भिंतीवर लावावेत: वर्षानंतर किती जण येतात, सरासरी डोस किती, आणि यायचे थांबलेल्यांचं काय झालं. तिसरा सर्वांत अवघड. नाव न येणाऱ्यांत गेलं की पुढे ‘येणे बंद’ एवढाच शेरा पडतो. तो लिहिण्याआधी त्या रुग्णाच्या घरी कोण जाऊन आलं, त्याचीही सही तिथेच हवी.